हरेश्वरची वेस्ट

हरेश्वर म्हात्रेला कुठलाही पत्ता सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "ईस्ट की वेस्ट?" विरारमध्ये हा प्रश्न शहाणपणाचा आहे. स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरलेला पाहुणा जेवणाच्या वेळेला पोचत नाही. पण हरेश्वर तो शिकागोत विचारायचा. उत्तरही स्वतःच द्यायचा आणि ते हमखास उलटं असायचं.

गडी विरारजवळच्या राजोडीचा, किनाऱ्यावरचा. जन्मापासून समुद्र पाहिला तो पश्चिमेला. तेव्हा पाणी दिसेल ती वेस्ट, हा त्याच्या लेखी सृष्टीचा नियम. शिकागोत पाणी पूर्वेला आहे, हे नकाशा दाखवला, उगवता सूर्य दाखवला, तरी त्याला पटलं नाही. "सूर्याचं सोड," तो म्हणायचा, "इथं सगळंच उलटं. दिव्याचं बटन पन वर केलं की लागतं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं एमएस करायला तिथे गेलो, आणि साताऱ्याचा शिंदे धरून तिघांनी भाड्याने घर घेतलं. मी मनवेलपाड्याचा, म्हणजे विरार ईस्टचा. त्यामुळे पाण्याच्या विषयात हरेश्वर माझं मत धरतच नसे.

"तुझं पानी टँकरनं येतं. तुला दर्याचं काय कळनार?"

"अरे, तो तलाव आहे. पाणी गोडं आहे त्याचं."

"पैलतीर दिसतो?"

"नाही."

"मंग दर्याच! आमच्याकडं मिठागरं हायत, इथं नाय, एवढाच फरक."

पहिल्याच आठवड्यात नागपूरच्या एका मुलीने त्याला कॉलेजचं ऑफिस कुठे म्हणून विचारलं. "वेस्टला सरळ चार चौक," असं सांगून याने ठामपणे एका रस्त्याकडे हात केला. बिचारी दोन बॅगा आणि मार्कशीटची फाइल घेऊन थेट तलावाकाठच्या वाळूत जाऊन उभी राहिली. मी तर सगळं माहीत असूनही फसलो. लायब्ररीतल्या कामाची मुलाखत होती, उशीर झालेला, म्हणून घाईघाईत त्याला विचारलं. पोचलो तेव्हा एक चिनी मुलगी माझ्या जागी पुस्तकं लावत होती. "तू पडलास ईस्टवाला," हरेश्वरने माझं सांत्वन केलं, "चुकनारच."

आमचं घर तलावापासून दोन मिनिटांवर होतं. खिडकीच्या फटींतून असा वारा यायचा की शिंदे कानटोपी घालून आंघोळीला जायचा. शेवटी जानेवारीत त्याने दुसरं घर शोधलं. हीटर कडक, खिडक्या घट्ट, पण तलाव बसने तासाभरावर. हरेश्वरने साफ नकार दिला. कारणं विचारली तर म्हणाला, "तिथलं कुत्रं माझ्याकडं वाईट बघतं." मग म्हणाला, "जिना डावीकडं वळतो." शेवटी म्हणाला, "घर ईस्टला हाय." ते अर्थातच वेस्टला होतं.

एक मत इकडे, एक तिकडे. निकाल माझ्या हातात आला. मी रविवारपर्यंत सांगतो म्हणालो. मनातून मी हीटरच्या बाजूने होतो. हरेश्वरने तो आठवडाभर न सांगता भांडी घासली, तेव्हा याच्या दृष्टीने प्रकरण गंभीर आहे एवढं कळलं.

रविवारी सकाळी तो "फेरी मारून येतो" म्हणून बाहेर पडायचा. त्या रविवारी दूध संपलं होतं म्हणून मीही निघालो. तलावाच्या काठावर एक सार्वजनिक फोन होता. त्यापाशी हरेश्वर उभा. समोर नजर पोचेल तिथवर बर्फ, आणि हा रिसीव्हर तोंडाशी धरून आवाज काढतोय, "हूऽऽश... हूऽऽश... खळ्ळ!"

पोरगा वेडा झाला, असंच मला वाटलं. मी धावत गेलो. त्याने घाईघाईने रिसीव्हरवर हात ठेवला.

"आय हाय फोनवर," तो कुजबुजला. "ती सोडत नव्हती रे मला. तिथं पन आपल्यासारखाच दर्या हाय, वेस्टलाच हाय, असं सांगितलं तवा तयार झाली. दर रविवारी रिसीव्हर पान्याकडं धरून तिला लाटा ऐकवतो. ऐकल्या की तिचा जीव भांड्यात पडतो. आता हा मेला गोठला!"

राजोडीत शेजाऱ्यांच्या ओटीवर, कानाला फोन लावून त्याची आई वाट बघत असणार.

हरेश्वर एकटा किती पुरणार? श्वास घ्यायला तो थांबला की समुद्रही थांबत होता. मी वाकलो आणि रिसीव्हरमध्ये लांबलचक "हूऽऽऽश" सोडलं. हरेश्वरने लगेच मागून "खळ्ळ" जोडलं. मग एक लाट त्याची, एक माझी. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला बघून रस्ता ओलांडला.

जरा वेळाने त्याने रिसीव्हर कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलला.

"आय बोलते, आज भरती हाय वाटतं."

"हो म्हण," मी म्हणालो.

दूध घ्यायचं राहिलंच. घरी जाऊन शिंदेला सांगितलं, घर बदलायचं नाही. तो भडकला, कारण सांग म्हणाला. तोंडी सांगून पटणारं नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी त्यालाच बरोबर नेलं. साताऱ्याच्या माणसाला लाटेचा सराव नव्हता. पण कानटोपी वर सरकवून त्याने पहिलं "हूऽऽश" केलं, आणि बर्फ वितळेपर्यंत एकही रविवार चुकवला नाही.