एका छपराखाली चारशे बारा

"अगं, माझ्या दारात पाण्याचे दोन टँकर उभे आहेत," मामा फोनवर ओरडत होते. "ड्रायव्हर म्हणतो, चारशे बारा माणसांचं पाणी आहे, कुठे ओतू? मी म्हटलं, माझ्या डोक्यावर ओत!"

भाची नकाशा कार्यालयात कामाला होती. तिथे तिला सगळे नकाशेबाई म्हणत, आणि त्यात कौतुक जास्त आणि चेष्टा कमी असे. शहराचा कुठलाही कोपरा सांगा, बाई डोळे मिटून तिथली गल्ली सांगायच्या. आता मात्र त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या पडद्यावर वॉर्ड सतरा मोठा केला.

काम साधं होतं. जनगणनेत वॉर्डात माणसं किती ते कळतं, पण वॉर्डात नेमकी कुठे ते कळत नाही. म्हणून बाई उपग्रहाचा फोटो घ्यायच्या, त्याचे बारीक चौकोन पाडायच्या आणि प्रत्येक चौकोनात काय आहे ते बघायच्या. तळं असेल तर माणसं शून्य. झाडी असेल तर शून्य. छप्पर दिसलं की तिथे माणसं. मग वॉर्डाचा आकडा त्या छपरांवर वाटून टाकायचा. तीन महिने खपून बाईंनी अख्खं शहर असं वाटलं होतं, आणि सोमवारी तो नकाशा सगळ्या खात्यांना गेला होता.

वॉर्ड सतरामध्ये होतं तळं, होती झाडी, आणि झाडीच्या तोंडाशी एकच पत्र्याचं छप्पर. आकडा चारशे बारा. वाटायला दुसरं छप्परच नव्हतं, त्यामुळे गणिताने इमानेइतबारे सगळेच्या सगळे मामांच्या घरात कोंबले होते.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डातली बाकीची माणसं राहतात कुठे?"

"कुठे म्हणजे? आत झाडीत! दाट फांद्यांखाली घरं आहेत सगळ्यांची. मीच नाही का मोजली घरोघरी जाऊन?"

हे मात्र खरं होतं. मामा निवृत्त मास्तर. चाळीस वर्षं पोरांचा गोंगाट ऐकून कान किटले, म्हणून वस्तीपासून लांब, एकटेच येऊन राहिले होते. पण जनगणनेला माणूस मिळेना, तेव्हा याच मास्तरांनी काठी घेऊन सतरा नंबरची सगळी झाडी पालथी घातली होती. कुणी घरी नसेल तर दुसऱ्यांदा जायचे, तरी नसेल तर तिसऱ्यांदा. असं काम करणारी माणसं आता दुर्मिळच.

बाईंनी ताबडतोब सगळ्या खात्यांना फोन लावायला घेतले. पण सरकारी कामाला सहा महिने थांब म्हणतात ते नेमकं आपल्याला नको असतं तेव्हा खोटं ठरतं. बुधवारी मामांच्या दारात बसथांब्याचा खांब रोवला गेला. पाठोपाठ आरोग्य खात्याची लसीची गाडी आली. आणि दुपारी इमारत निरीक्षक आले, हातात नोटीस घेऊन.

"दोन खोल्यांत चारशे बारा इसम," ते म्हणाले. "हा गुन्हा आहे. कुठे आहेत सगळे?"

"मी एकटा राहतो."

"असं सगळेच म्हणतात." निरीक्षकांनी कपाट उघडून बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं. मग माळ्यावर शिडी लावली. शेवटी खुर्चीत बसून त्यांनी अहवाल लिहिला: घरात इसम एक, वय एकाहत्तर, स्वभाव तापट.

तो अहवाल पालिकेच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. शहराच्या त्या टोकाला एकच नवा दवाखाना मंजूर होता. सतरा की अठरा, एवढंच ठरायचं होतं, शुक्रवारी. सतरा नंबरच्या झाडीतली माणसं आजारी पडली की आठ किलोमीटर चालत जात, म्हणून पारडं त्यांच्याकडे झुकलेलं होतं. आता साहेबांनी बाईंना बोलावलं.

"घरात एक माणूस, कागदावर चारशे बारा. मोजणी केली कुणी? त्याच माणसानं! दवाखान्यासाठी आकडा फुगवलाय, सरळ दिसतंय."

"चूक मोजणीची नाही साहेब, माझी आहे. वरून नुसती झाडं दिसतात. मी झाडीला शून्य दिलं. घरं झाडांच्या खाली आहेत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामांनी."

"कोण मामा?"

"हेच. मोजणीवाले."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मोजणारा मामा आणि नकाशा काढणारी भाची. छान! उद्या मी स्वतः जातो. माणसं दिसली नाहीत, तर मोजणी रद्द, दवाखाना अठराला, आणि तुमच्या मामांवर चौकशी."

बाईंना रात्रभर झोप लागली नाही. नकाशा चुकला याचं दुःख होतंच, पण ज्या माणसाने तिला लहानपणी 'आकडा लिहिताना हात थरथरला पाहिजे' असं शिकवलं, त्याला तिच्यामुळे लबाड म्हटलं गेलं होतं. ते तिला सहन होत नव्हतं.

गुरुवारी साहेब अंगणात उभे राहिले. एका बाजूला टँकर, एका बाजूला लसीची गाडी, मध्ये मामा काठी टेकून. भाची त्यांच्या शेजारी.

"मास्तर," साहेब म्हणाले, "चारशे अकरा माणसं दाखवा."

"दाखवतो की. आत चला, दोन किलोमीटर चिखल आहे."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. "ते जमणार नाही."

"मग थांबा थोडं," मामा म्हणाले. "मी चाळीस वर्षं पोरं जमवली आहेत. पाणी, डॉक्टर आणि बस एका जागी आल्यावर माणूस घरी बसत नाही."

आणि खरंच झाडीतून आधी एक गवंडी आला, कडेवर पोर घेऊन. त्याच्या मागे बायको, तिच्या मागे कळशी घेतलेली सासू. मग माणसं येतच राहिली. लसीची गाडी दारापर्यंत आली ही बातमी कालच आतपर्यंत पोचली होती. म्हातारे आले, गरोदर बाया आल्या, एका सुताराला तर दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि मामा, हातात कागद नाही, यादी नाही, एकेक घर क्रमाने सांगत गेले. "हे तळ्याकडचं पहिलं घर, माणसं सहा. धाकटी लाजते, दाराआड उभी असते, ती बघा. हे विणकराचं, माणसं नऊ. अरे, थोरला कुठाय? हां, आला."

भाची बघतच राहिली. तिच्याकडे उपग्रह होता, आणि मामांकडे फक्त पाय होते. तिला भरून आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

साहेब स्वतः मोजत होते. शेवटी त्यांनी घाम पुसला. "चारशे दहा. आणि तुम्ही. एक कमी आहे, मास्तर."

"कुंभाराची आई. गुडघा धरलाय तिचा, चालता येत नाही. म्हणून तर दवाखाना हवा."

साहेबांनी मामांचा हात हातात घेतला. "मोजणी बरोबर. दवाखाना सतराला. बाई, नकाशा दुरुस्त करा."

बाईंनी दोन दिवसांत नकाशा दुरुस्त केला. मामांच्या मोजणीवरून माणसं झाडीत आपापल्या घरी नेऊन ठेवली. दवाखान्याची जागा ठरली आत, विणकराच्या घराशेजारी. टँकर, गाडी आणि बसथांब्याचा खांबही तिकडे गेला. मामांच्या अंगणात पुन्हा चिडीचूप झालं.

आठवड्याने फोन आला.

"नव्या नकाशात माझ्या घरात किती गं?"

"एक, मामा. एकदम बरोबर."

मग मामा घसा खाकरत म्हणाले, "दहा-बारा इकडे सरकवता येतील का? जास्त नाही. विणकराकडची चालतील, ती बोलकी आहेत."

"मामा! खोटा आकडा? तुम्ही सांगताय?"

"छे, छे. आकडा हलवायचा नाही. मग असं कर. मलाच तिकडे सरकव."

"तसं नाही होत, मामा. आधी सामान हलवावं लागेल, मग नकाशा."

"बांधून ठेवलंय," मामा म्हणाले.