घरच्या झाडाचं जायफळ

आज लग्नाची बोलणी होती, आणि पावसचे परशुरामपंत लिमये सकाळपासून ओटीवर येरझारा घालत होते. लेक कुसुम शाळेत शिक्षिका, आणि नोकरी सोडायला लावणाऱ्या घरी मी जाणार नाही, हा तिचा हट्ट. मुलगा वसंता तिला आवडला होता. पण त्याचे वडील राजाभाऊ आगाशे यांनी नोकरीवाल्या तीन मुली आजवर परत पाठवल्या होत्या.

"आधी जेवण, मग बोलणी," राजाभाऊंनी दारातच बजावलं.

बासुंदीत पंतांच्या बायकोने, मालिनीबाईंनी, चिमूटभर जायफळ घातलंच होतं. पण "नर आहे, फळायचं नाही, तोडा" असं गाव आठ वर्षं सांगत असताना पंतांनी राखलेल्या झाडाला यंदा पहिली फळं धरली होती. पाहुण्याला त्याचा वास नको यायला? मालिनीबाई पानं मांडायला वळल्या तशी पंतांनी दोन अख्खी जायफळं किसून टाकली. जायफळाचे सहाणेवर दोन वेढे उगाळून चाटवले की तान्हं पोर दुपारभर उठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण उत्साहात आठवलं नाही.

"वा! वास काय सुटलाय!" राजाभाऊ म्हणाले.

"घरचं हो! आपल्याच झाडाचं!"

राजाभाऊंनी तीन वाट्या रिचवल्या. सोबत म्हणून पंतांनीही तेवढ्याच. वसंताला गोड चालत नसे. तो सोलकढीवर खूश होता.

ओटीवर झोपाळ्यावर बसून राजाभाऊंनी अडकित्त्यात सुपारी धरली. "हां, तर मुलीच्या नोकरीचं..." सुपारी तशीच राहिली आणि त्यांची मान कडीला टेकली. पंतांना हसू आलं, पण ते पुरं होण्याआधी त्यांचेही डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ऊन पोफळींमागे कलंडलं होतं आणि समोर राजाभाऊ घाईघाईने टोपी सारखी करत होते. होणाऱ्या व्याह्याच्या ओटीवर घोरलो, हे कबूल कोण करणार?

"मी आपला डोळे मिटून ऐकत होतो," ते म्हणाले.

"मीही तेच!"

"तर... कुठवर आलं होतं आपलं?"

मालिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. "ठरलंच की सगळं! कुसुमनं नोकरी चालू ठेवावी म्हणालात. मला तर बाई भरूनच आलं."

राजाभाऊंनी लेकाकडे पाहिलं. "मी म्हणालो?"

"दोनदा, बाबा," वसंता म्हणाला.

राजाभाऊंनी चहाचा कप उचलला. "शब्द दिला म्हणजे दिला!"

पाहुणे गेल्यावर पंत बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "अगं, पण खरंच तसं म्हणाले का ते?"

"मला काय विचारता? तुम्ही जागेच होतात ना समोर?"

पंतांनी क्षणभर बासुंदीच्या पातेल्याकडे पाहिलं.

"हो तर," ते म्हणाले. "स्पष्ट म्हणाले."