काठी, एक नग (हलणारी)

ध्वज हा राष्ट्राचा आत्मा असतो. आत्म्याला उलटी-सुलटी बाजू नसते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. ध्वजाला मात्र ती असते, आणि सगळं राजकारण तिथूनच सुरू होतं.

गिनी आणि माली या दोन शेजाऱ्यांनी स्वतंत्र होताना तेच तीन रंग निवडले: लाल, पिवळा, हिरवा. पट्टे उभे, सारख्या रुंदीचे. गिनीच्या ध्वजात काठीला चिकटून लाल असतो, मालीच्या ध्वजात हिरवा. एवढाच काय तो फरक. (खरा फरक भावनेत आहे, असं दोन्हीकडचे अधिकारी सांगतात. भावनेची रुंदी किती, हे कोणी सांगत नाही.)

हा फरक तिंतिकोरोच्या नामोरी कोंदे शिंप्याइतका कोणाला पाठ नसेल. तिंतिकोरो हे सीमेवरचं गाव अर्धं ओढ्याच्या अलीकडे गिनीत, अर्धं पलीकडे मालीत. मध्ये वीस पावलांचा पूल, पुलाच्या दोन्ही तोंडांना एकेक चौकी आणि रस्त्यावर आडवी एकेक दोरी. दोरीला चिंध्या बांधलेल्या, म्हणजे राष्ट्र संपल्याचं मोटारसायकलवाल्याला वेळेवर कळावं. नामोरीचं दुकान गिनीच्या बाजूला, पण ध्वज तो दोन्ही चौक्यांचे शिवायचा. तेच कापड, तोच दोरा. पट्टे जोडून झाले की काठी ओवायला एका कडेला नेफा. लाल कडेला नेफा घातला की गिनी झाली, हिरव्या कडेला घातला की माली. राष्ट्र काय आणि पायजमा काय, दोन्ही नेफ्यावरच टिकून असतात, असं तो म्हणायचा. हळू म्हणायचा, कारण गिऱ्हाईक सरकारी होतं.

बावीस सप्टेंबरला मालीचा स्वातंत्र्यदिन, दोन ऑक्टोबरला गिनीचा. त्यामुळे सप्टेंबरात नामोरीच्या मशीनवर दोन्ही देश एकदमच असायचे. त्या वर्षी वीस तारखेला तो नेफ्याला बसला, आणि पुलापलीकडून निरोप आला की त्याच्या धाकट्या लेकीला, सारानला, मुलगा झाला.

आता या आनंदाचं वजन कळायला थोडी आकडेवारी पाहावी लागेल. नामोरीला चार मुली आणि आधीची सात नातवंडं. त्या सातांना मिळालेली नावं अशी: जावयांच्या वडिलांची दोन, जावयांच्या आयांची दोन, एका जावयाच्या शाळामास्तरांचं एक, एका फुटबॉलपटूचं एक, आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी ढकलायला उतरलेल्या एका अनोळखी माणसाचं एक. नामोरी: शून्य. सारानच्या नवऱ्याने मात्र शब्द दिला होता की मुलगा झाला तर नाव मामांचंच, म्हणजे नामोरीचं. बारसं आठव्या दिवशी, सत्तावीसला सकाळी. नामोरीचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी त्याने दोन्ही ध्वजांचे नेफे लाल कडेलाच घातले.

बावीसला मालीच्या चौकीवर गिनीचा ध्वज इतमामाने चढला. सगळ्यांनी सलाम ठोकला, दोघांना भरून आलं. पुढच्या तीन दिवसांत पुलावरून गेलेली वाहतूक अशी: माणसं सहाशे चाळीस, शेळ्या दोनशे बारा, मोटारसायकली त्र्याण्णव. पैकी वर पाहिलं: कोणी नाही. (एका शेळीने पाहिलं होतं, पण तिचा जबाब घेतला गेला नाही.)

पंचवीसला गिनीचा चौकीप्रमुख फोदे त्राओरे पुलाच्या कठड्याला टेकून दात कोरत होता. दात कोरताना मान वर जाते.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. त्राओरे आणि जारा ही दोन कुळं एकमेकांची चेष्टेची भाऊबंद. भेटले की एकमेकांना शिव्या घालायच्या, तू माझा गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आणि राग येऊ द्यायचा नाही. ज्याला राग आला तो हरला आणि त्याच्या आईबापांनी त्याला काही शिकवलं नाही असं ठरतं. मालीचा चौकीप्रमुख होता बुरेमा जारा. अकरा वर्षं हे दोघे रोज सकाळी पुलाच्या मध्यावर येऊन एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत, आणि मग एकाच किटलीतला चहा पीत. तेवढ्या काळात त्या सीमेवर एकही तंटा झाला नव्हता.

"काय रे चवळीखाऊ," त्राओरे ओरडला, "शेवटी मालक ओळखलास म्हणायचा. माझाच झेंडा लावलायस."

जाराने वर पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, पण रीत ती रीत.

"झेंडा होय तो? मला वाटलं तुझा पायजमा वाळत घातलाय. गुलामाचे कपडे मलाच धुवावे लागतात. तुझं सरकार तुला साबण कुठे देतं?"

एरवी यावर चहा झाला असता आणि नामोरीला हाक मारून टाके उसवले असते. पण त्याच सकाळी मालीच्या चौकीत राजधानीहून आलेले निरीक्षक वह्या तपासत बसले होते. त्यांनी हा संवाद शब्दश: लिहून घेतला. त्यांना ही रीत माहीत नव्हती असं नाही. त्यांची आई बाजारात भाजीवालीशी रोज हेच करायची. पण अहवालाच्या नमुन्यात 'थट्टा' असा रकाना नव्हता. 'गंभीर' आणि 'अतिगंभीर' असे दोनच होते, आणि निरीक्षक मवाळ स्वभावाचे असल्यामुळे त्यांनी 'गंभीर'वर खूण केली.

दुपारी मालीची दोरी ताणली गेली, म्हणजे सीमा बंद. जशास तसं म्हणून अर्ध्या तासाने गिनीचीही ताणली गेली. ओढ्याला पूर होता, त्यामुळे पुलाखेरीज वाट नव्हती. सत्तावीसच्या बारशाला दोन दिवस उरले होते.

त्यात पलीकडून व्याह्यांचा निरोप आला. व्याही म्हणजे झुमाना कुलिबाली. ज्याचं नाव बाळाला द्यायचं तो माणूस बारशाला जातीने हजर हवा, अशी त्यांच्या घरची फार जुनी रीत असल्याचं त्यांनी कळवलं. (ही रीत झुमानांना दोऱ्या ताणल्या त्याच दुपारी आठवली.) नामोरी न आल्यास नाइलाजाने झुमाना हे नाव ठेवावं लागेल, आणि याचं त्यांना फार वाईट वाटतं.

सव्वीसला निरीक्षकांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त ध्वजसमिती बसली, दोन्हीकडचे तीन-तीन सभासद. प्रश्न असा: खांबावर जे फडकतंय ते गिनीचा ध्वज आहे, की चुकीचा शिवलेला मालीचा? पहिलं असेल तर आक्रमण, दुसरं असेल तर अवमान. नियमपुस्तिकेत रंगांचा क्रम 'डावीकडून' दिलेला होता. कोणाच्या डावीकडून, ते दिलेलं नव्हतं. दोन्ही शिष्टमंडळं खांबाच्या दोन बाजूंना, गिनीचं पुलावर आणि मालीचं चौकीच्या अंगणात, समोरासमोर बसली, त्यामुळे प्रत्येकाला आपापलाच ध्वज दिसला आणि सकाळचं सत्र अत्यंत खेळीमेळीत पार पडलं. जेवणानंतर वारा फिरला. आता प्रत्येकाला शेजाऱ्याचा ध्वज दिसू लागला, आणि दोन खुर्च्या मोडल्या. निरीक्षकांनी वाऱ्याचं वर्तन इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

शेवटी नामोरीला राहवलं नाही. गिनीच्या दोरीपाशी उभा राहून तो म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. नातू झाल्याच्या नादात नेफा उलट्या कडेला घातला. कात्री द्या, चहा निवायच्या आत सरळ करतो."

निरीक्षकांनी लेखणी खाली ठेवली.

"उसवणार?" निरीक्षक म्हणाले. "राष्ट्रध्वज उसवणार?"

"मग पुरावा म्हणून ठेवा, मी दुसरा शिवतो. पण दोरी सैल करा. माझं बारसं आहे. म्हणजे नातवाचं."

समितीने कबुलीजबाबावर पाऊण तास विचार केला आणि तो एकमताने फेटाळला. दोन राष्ट्रांच्या तणावाला शिंपी हे कारण फारच लहान आहे, ते मान्य केल्यास समितीचा प्रवासभत्ता समर्थनीय ठरणार नाही, असं तिचं मत पडलं. मात्र नवा, हिरव्या कडेच्या नेफ्याचा ध्वज दुसऱ्या दिवशी सकाळी मालीच्या खांबापर्यंत पोचवावा, असा ठराव झाला. सीमा माणसांना बंद होती. ध्वजांना बंद असल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

"पण ध्वज घडी घालून नेता येणार नाही, अवमान होतो," निरीक्षक म्हणाले. "फडकता न्यायला हवा. म्हणजे काठी आली."

"काठीला वनखात्याचा परवाना लागतो, साहेब," त्राओरे म्हणाला. "तो मिळायला तीन आठवडे लागतात. पण आमच्याकडे एक बिनलाकडाची काठी आहे. सरळ उभी राहते, कर लागत नाही, आणि सांगितल्या ठिकाणी स्वत:च्या पायाने जाते." आणि त्याने नामोरीकडे बोट दाखवलं.

निरीक्षकांनी नामोरीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पुस्तिकेत काठीची उंची होती, जाडी होती. तिने श्वास घेऊ नये असं कुठे म्हटलेलं नव्हतं. त्यांनी परवाना लिहिला: ध्वज, एक. काठी, एक नग (हलणारी).

सत्तावीसला सकाळी नामोरीने नेफा दंडात ओवला, हात डोक्याच्या वर धरला आणि पुलावर पाऊल टाकलं. दोन्ही चौक्यांनी सलाम केला. सलामाला उत्तर द्यायची त्याला फार इच्छा झाली, पण काठीला तसा अधिकार नसतो. पलीकडे जाराने ध्वज उतरवून घेतला, पोच दिली, आणि काठी ताब्यात मिळाल्याची वेगळी पोच दिली.

"पळ आता," जारा पुटपुटला. "इमाम केव्हाचे येऊन बसलेत."

झुमानांच्या अंगणात दह्यात कालवलेल्या बाजरीच्या कण्यांची पातेली मांडली होती, पाहुण्यांना मानाच्या कोलाच्या बिया वाटून झाल्या होत्या, बाळाचं डोकं भादरून झालं होतं. नामोरी धापा टाकत शिरला. जावई हसत उठला, पण त्याआधी झुमाना उठले.

"व्याही, आलात ते बरं झालं. कागद बघू?" त्यांनी परवाना वाचला, इमामांनाही वाचायला दिला. "यात तर काठी लिहिलंय. नामोरी कोंदे सरकारदरबारी अजून गिनीतच आहेत. काठीचं नाव पोराला कसं द्यायचं? जन्मभर ताठ चालेल बिचारा."

अंगणात हशा पिकला. नामोरी हसला नाही. वीस पावलांचा पूल ओलांडायला त्याला दोन दिवस लागले होते, आणि आता नातू हाताच्या अंतरावर असताना तो इथे नव्हताच. त्याला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात काठीच्या पोचेची दुसरी प्रत हलवत जारा आत आला. एकदा मालीच्या ताब्यात आलेल्या सरकारी वस्तूला नाव किंवा क्रमांक देण्याचा अधिकार चौकीप्रमुखाचा असतो. खुर्च्यांना त्याने क्रमांक दिले होते, चौकीच्या गाढवाला नाव दिलं होतं. तो खाली बसला, पोचेच्या पाठीवर लिहिलं, 'सदर काठीचे नाव नामोरी कोंदे असे ठेवण्यात आले आहे', आणि शिक्का मारला. शिक्क्यापुढे झुमानांचं काही चालेना. इमामांनी बाळाच्या कानात तीनदा नाव सांगितलं.

"बाबा," सारान म्हणाली, "आता तरी वाका. तुमच्याकडे बघायला त्याची मान कुठे वर होतेय."

नामोरी वाकला, आणि मग मात्र मोकळेपणी रडला. झुमानांनीच त्याला कण्यांचा वाडगा आणून दिला आणि वर म्हणाले, "खा. लाकडाला भूक लागलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

दुपारी निरीक्षक जन्मनोंदीचं रजिस्टर घेऊन आले. बाप मालीचा, आई गिनीची, नाव गिनीहून आयात केलेल्या साहित्याचं. वाद मिटेपर्यंत बाळ कोणत्या देशात टाकायचं, असा त्यांना प्रश्न पडला.

"टाकायचं कुठे, साहेब?" सारान म्हणाली. "माझ्या पाठीवर आहे, तिथे बरं आहे की."

हे उत्तर रकान्यात मावणारं नव्हतं. तेव्हा निरीक्षकांनी शास्त्रीय कसोटी घेतली. दोन्ही देशांचे ध्वज बाळासमोर धरले आणि शेरा लिहिला: 'दोन्ही ध्वजांचे कोपरे सारख्याच आवडीने चोखले. शेजारी राष्ट्राविषयी संताप आढळून आला नाही. सबब नागरिकत्व अपूर्ण. फेरतपासणी अठराव्या वर्षी.' पंधरवड्यात दोऱ्या सैल झाल्या, पण समितीला ही कसोटी इतकी पसंत पडली की तिने ती आणखी सोपी केली आणि सर्व राष्ट्रांना शिफारस करून पाठवली. ना ध्वज लागतो, ना शिंपी. उमेदवारासमोर 'शेजारी देश' हे दोन शब्द उच्चारायचे आणि त्याचा चेहरा पाहायचा.

वाचकांना वेगळं बोलावणं येणार नाही. आत्ता ते दोन शब्द वाचताना गिनी आणि माली सोडून जो एक देश तुमच्या मनात चटकन येऊन गेला, त्याची नोंद घेतली आहे. आपण उत्तीर्ण आहात.