आठाचे पाच कोणी केले?

स्वतःला गुप्तहेर म्हणवणाऱ्या व्हर्जिल स्टकी यांच्या मते अमेरिकेतल्या ओहायोत गुन्हेगार दोनच प्रकारचे होते: त्यांनी पकडलेले, आणि त्यांच्या धाकाने गुन्हाच न केलेले. पहिल्या प्रकारातला अजून एकही सापडला नव्हता. यावरून दुसरे किती अफाट असतील, हे ते बायकोला, आर्लीनला, रोज न्याहारीला समजावत. ती "हं" म्हणे आणि अंडी उलटे.

एका सकाळी शेजारचा एमेट हॅव्हर्टी लालबुंद होऊन आला. त्याच्याकडे वडिलांनी लहानपणापासून जपलेलं, शौकीन जमवतात तसलं बेसबॉलच्या खेळाडूचं जुनं चित्रकार्ड होतं. कार्ड तपासून गुण देणाऱ्या एका छोट्या कंपनीने त्याला दहापैकी आठ देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "बड्या कंपनीकडून आठ गुण आणा, दुप्पट देतो." म्हणून डबी फोडून एमेटने भाऊ लायलच्या हाती कार्ड टपालात टाकायला दिलं. परत आलं ते पाच गुण घेऊन! गिऱ्हाईक फोनच उचलेना.

"लायलने बदललं! आता मी त्याचं तोंड पाहणार नाही," एमेट म्हणाला.

"उघड आहे," व्हर्जिल म्हणाले. "लायल डावखुरा आहे."

"त्याचा काय संबंध?"

"तेच तर शोधतोय."

दुपारपर्यंत संशय पोस्टमनवर गेला, कारण तो फार हसतमुख होता. संध्याकाळी व्हर्जिलनी जाहीर केलं की कार्ड उन्हाने आकसलं असावं. तोवर लायलही दारात येऊन उभा होता, डोळे पाणावलेले. "बाबांचं कार्ड मी चोरीन, एम?"

आर्लीनने हात पुसले. "आधीचा फोटो आहे का रे, एमेट?"

त्याने फोनवर दाखवला. तिने कार्ड शेजारी धरलं. खेळाडूच्या टोपीवर शाईचा तोच ठिपका, चित्र तसंच डावीकडे सरकलेलं.

"हे तेच कार्ड आहे. तपासणारा माणूस तेवढा बदलला."

"आणि एवढ्यासाठी किंमत पडते?" एमेटने विचारलं.

"लोक कार्ड कुठे घेतात? डबीवरचा आकडा घेतात."

 एमेट लायलच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गाढव आहे मी."

"ते बाबाही म्हणायचे," लायल नाक ओढत म्हणाला. "परत पाठवू या? या खेपेला तपासायला पोटभर जेवलेला माणूस मिळेल."

पाठवलं. नऊ आले. गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन धावत आलं. दोघा भावांनी त्याला कॉफी पाजली आणि कार्ड विकायचं नाही म्हणून सांगितलं.

व्हर्जिलनी डबी भिंगाखाली धरली आणि आवाज खाली आणला.

"आर्लीन, आता मात्र नक्की कोणीतरी बदललंय."