वाक्य बसल्याशिवाय ताट नाही

इनास मिस्त्री दिवसभरात इंग्रजीचं एक वाक्य वापरून झाल्याशिवाय रात्री जेवत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांचं रात्रीचं ताट माझ्याकडे असे, आणि ज्वारीची भाकरी गार झाल्यावर तिचं काय होतं हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको.

नियम असा होता. त्यांच्याकडे एक जुनं, पुठ्ठा गेलेलं पुस्तक होतं. पोर्तुगीज बोलणाऱ्यांना रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकवणारं. डावीकडे पोर्तुगीज, उजवीकडे इंग्रजी. रोज सकाळी त्यातलं पुढचं वाक्य खडूनं स्वतःच्या खोलीच्या दारावर लिहायचं आणि दिवे लागायच्या आत ते खऱ्या माणसाला, खऱ्या प्रसंगी म्हणायचं. तसं म्हटलं गेलं की वाक्य ‘बसलं’. नाही बसलं, तर जेवण नाही.

‘बसलं’ हा शब्द त्यांच्या धंद्यातला. राळेगावच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते इंजिनाचे मिस्त्री होते. कुठलाही पार्ट इंजिनात घालून, तासभर चालवून बघितल्याशिवाय ते ‘झालं’ म्हणत नसत. मालक घाई करायला लागला तर हात पुसत बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, “मग तुम्ही बसवा.” मालक निघून जायचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझे यजमान वारले होते, घरात मी एकटी. एका माणसासाठी चूल पेटवायची ती दोघांसाठी पेटवली, एवढंच. मिस्त्रींची खोली माझ्या घराला लागूनच होती. त्या खोलीत ज्या ज्या वस्तूला खळ लागेल त्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. माठावर, कंदिलावर, खाटेवर, दाराच्या कडीवर. चिठ्ठीवर तीन शब्द: पोर्तुगीज, इंग्रजी आणि आमचा. आमचे शब्द त्यांनी गल्लीतल्या सायकलवाल्या तुकारामाला विचारून लिहिले होते, त्यामुळे ते शाळेत शिकवण्यासारखे नव्हते.

हे सगळं कुणासाठी, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं, कारण मी विचारलं.

“मिस्त्री, जीनमध्ये इंग्रजी कुणाशी बोलता? इंजिनाशी?”

“लुर्दीनखातीर, बाई.”

लुर्दीन त्यांची मुलगी. बायको गेली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला गोव्यात बहिणीकडे ठेवून मिस्त्री मुंबईला कामाला आले. वर्षभरात बोलावून घेतो, असं तिला सांगून आले. तेवढ्यात गोव्याची सीमा बंद झाली. ते फिरत फिरत राळेगावला आले आणि पोर तिकडे राहिली. वर्षाकाठी एखाददुसरं पत्र, तेही कुठून कुठून फिरून यायचं. मुलगी पोर्तुगीज शाळेत शिकत होती.

“उद्या वाट उघडली,” मिस्त्री म्हणाले, “ती हांगा आली, तर पोर्तुगीज घेऊन कितें करतली? इंग्रजी असलं तर नर्स होईल, टायपिस्ट होईल.”

“मग हे पुस्तकच द्या तिला.”

“पुस्तकावर माझा विश्वास ना. ज्यानं लिहिलं त्यानं चालवून बघितलं काय? मी बसवून बघतो, मग तिच्या वहीत लिहितो.”

म्हणजे ते वह्या लिहीत होते. एका पानावर एक वाक्य, खाली पोर्तुगीजमध्ये चारसहा ओळी. मला वाटे, व्याकरण असेल.

अवघड वाक्यांनी माझा जीव खाल्ला. मुसळधार पावसाला इंग्रजीत ‘कुत्री-मांजरं पडतायत’ म्हणतात. ते वाक्य आलं वैशाखात. राळेगावचा वैशाख, आभाळ पितळी परातीसारखं. मिस्त्री एक रात्र उपाशी, दुसरी रात्र उपाशी. तिसऱ्या दिवशी ते ओसरीवर येऊन बसले तशी मी ओसरीवरच्या टिनाच्या छपरावर बादलीभर पाणी उपडं केलं. पाणी त्यांच्या पुढ्यात धो धो पडलं.

“म्हणा आता.”

त्यांनी वर बघितलं. “ही बादली आहे, बाई. ठोकून बसवलेला पार्ट चालत ना.”

शेवटी त्यांनीच तोड काढली. जीन तरी कुठं बारा महिने चालतं? काही वाक्यंही हंगामी असणार. त्यांनी त्या वाक्यापुढे ‘सीझन’ असं लिहिलं, पुढचं वाक्य घेतलं, आणि तेवढ्यात जाणाऱ्या शाळेच्या शिपायाला ते म्हणून टाकून चार भाकऱ्या खाल्ल्या.

काही वाक्यं मात्र सहज बसत. ‘पाण्याबाहेरचा मासा’ असं एक होतं, परक्या जागी अवघडलेल्या माणसासाठी. ते त्यांनी सकाळी दारावर लिहिलं आणि हातातला खडू खाली ठेवायच्या आत माझ्याकडे वळून म्हटलं, “आय अ‍ॅम अ फिश आउट ऑफ वॉटर.” मग कामावर गेले. त्या दिवशी ते लवकर जेवले, पण एकच भाकरी.

सगळ्यात गाजलं ते ‘बरी द हॅचेट’. म्हणजे कुऱ्हाड पुरणं, भांडण मिटवणं. मिस्त्रींचं भांडण कुणाशीच नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्याचं शोधलं. सायकलवाला तुकाराम आणि त्याचा धाकटा भाऊ शामराव तीन वर्षं बोलत नव्हते, दोन घरांमधल्या एका न्हाणीच्या पाण्यावरून. मिस्त्रींनी दोघांना माझ्या ओसरीवर आणून बसवलं आणि स्वतः जीनमधली कुऱ्हाड घेऊन अंगणात खड्डा खणायला लागले.

तुकारामानं मला विचारलं, “कुऱ्हाड काहून गाडून राह्यला हा?”

“तुम्ही दोघं बोललात तर त्यांना जेवायला मिळेल,” मी म्हटलं.

“अन् नाही बोललो तं?”

“तर उपाशी.”

दोघं भाऊ बराच वेळ खड्ड्याकडे बघत बसले. मिस्त्री घामानं निथळत होते. शेवटी शामराव दुसरीकडे तोंड करून म्हणाला, “दादा, ते न्हानीचं पानी म्या वळवून घेतो. मानूस उपाशी मरन.”

“वळव,” तुकाराम म्हणाला. “अन् त्या मिस्त्रीले सांग, बस झालं खणनं.”

मिस्त्रींनी दोघांकडे बघून वाक्य म्हटलं, कुऱ्हाड पुरली, माती दाबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उकरून जीनमध्ये परत द्यावी लागली, कारण ती मालकाची होती. पण समेट टिकला. तुकाराम पुढे कित्येक वर्षं सांगत असे, “आमचा समेट पोर्तुगीजमंधी झाला.”

अशी पाच-सहा वर्षं गेली. वह्या नऊ झाल्या. पण पुस्तकातलं अगदी पहिलं वाक्य त्यांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं होतं आणि ते अजून बसलेलं नव्हतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ते हंगामीही नव्हतं. कोणतं म्हणून विचारलं, तर मिस्त्री नुसती मान हलवायचे. “त्याला जागा पाहिजे,” एवढंच म्हणायचे.

मग एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. तुकारामानं रेडिओवर ऐकलं आणि सायकलवरून ओरडत आला. गल्लीनं पेढे वाटले. मला वाटलं, हा माणूस रात्रीच्या गाडीला लटकून जाईल.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी जीनवर गेले. हंगाम आहे, म्हणाले. बरोबर होतं, हंगाम होता. फेब्रुवारीत म्हणाले, इंजिन खोललंय. मार्चमध्ये म्हणाले, वह्या पुऱ्या व्हायच्या आहेत. एप्रिल लागला तेव्हा मी परात पुढे ओढली आणि पीठ न मळता विचारलं, “मिस्त्री, खरं कारण काय?”

ते पाटावरची रेघ नखानं कोरायला लागले.

“आठ वर्षांची सोडली होती. आता सोळाची. माका ती वळखतली काय, बाई? एक वर्स म्हणून सांगून आयलो. ती म्हणाली, ‘हा कोण?’ तर?”

“इथं बसून कसं कळणार?”

“बोलावलीच नाही, तर निदान तिचं ‘नाही’ ऐकावं लागणार नाही.”

मला अशी बोलणी सहन होत नाहीत. मी परात बाजूला सारली. “तुमचाच नियम. आज तिला पत्र लिहिल्याशिवाय ताट नाही.”

ते ओसरीवर दौत-टाक घेऊन बसले. तुकाराम जाता जाता थांबला. “काहून उपाशी ठेवलं जी मिस्त्रीले?”

“त्यांना विचार.”

“लेकीले लिहून राह्यलो,” मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांत एवढी वऱ्हाडी त्यांना आली होती.

तुकाराम पायरीवर बसला. मी चूल पेटवली नाही. काळोख पडायला लागला तेव्हा चार ओळी झाल्या. त्यात काय होतं ते मला वाचता येईना. मी फक्त पत्ता आहे ना ते बघितलं, आणि सकाळी शाळेत जाताना पत्र स्वतः पेटीत टाकलं, कारण त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. येते, असं लिहिलं होतं. नागपूरला निघालेलं त्यांच्या गावचं एक कुटुंब तिला वर्ध्यापर्यंत आणणार होतं. मिस्त्री वर्ध्याला आणायला गेले. गल्ली चार वाजल्यापासून एसटी स्टँडवर. तुकारामानं दुकान बंद केलं होतं. त्याच्या बायकोच्या आजारपणातही ते बंद झालं नव्हतं.

बस आली. आधी मिस्त्री उतरले, मग मुलगी. उंच, सावळी, निळा फ्रॉक, हातात पत्र्याची पेटी. पेटी मिस्त्रींनी मागितली असावी आणि तिनं दिली नसावी. दोघं चालत आली तेव्हा मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर होतं. वर्ध्यापासून राळेगावपर्यंत दोघं काय बोलली, ते मी तुकारामाच्या शेजारून जाणाऱ्या कंडक्टरला विचारलं. “काहीच नाही,” तो म्हणाला. “तो मानूस तिकीट हातात धरून बसला व्हता.”

मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या खोलीत गेले. गल्लीला मी दाराबाहेर थांबवलं. लुर्दीन उभीच होती. खोलीत खुर्ची एकच, त्यावर नऊ वह्यांची चवड. मिस्त्री खाटेच्या पलीकडे, भिंतीला चिकटून. ती एकेक चिठ्ठी वाचत फिरली. माठ. कंदील. कडी. तुकारामानं सांगितलेल्या एका शब्दाशी ती थांबली, पण त्याचा अर्थ तिला कळण्याचं काही कारण नव्हतं.

मग तिनं मधलीच एक वही उघडली आणि पोर्तुगीज ओळींवर बोट फिरवलं. वाचता वाचता दारातल्या तुकारामाकडे बघितलं.

“तुका... राम?” ती म्हणाली. “न्हाणीचें उदक?”

तुकाराम मागे कुणी आहे का ते बघायला लागला.

तेव्हा मला उमगलं की त्या वह्यांमध्ये व्याकरण नव्हतं. वाक्याखाली तो दिवस होता. कुणाला म्हटलं, कुठं म्हटलं, तो माणूस कसा आहे, मग काय झालं. ती पानं उलटत गेली आणि मधूनमधून एकेक नाव मोठ्यानं वाचत गेली: शामराव, शाळेचा शिपाई, जीनचा मालक. मला म्हणाली, “बादली?” मी मान डोलावली. मुलगी हसली. मिस्त्रींचं सगळं दिसलं त्या हसण्यात, नाकसुद्धा.

मग तिनं सगळ्यात खालची, पहिली वही काढली. पहिलं पान. वाचलं आणि माझ्याकडे बघून सावकाश कोकणीत सांगितलं. सावकाश बोललेली कोकणी आपल्याला बरीचशी समजते. पापानं लिहिलंय, ती म्हणाली, की हे वाक्य मी अजून कुणाला म्हटलेलं नाही, कारण म्हणायला आपलं घर लागतं. पण पहिल्याच दिवशी शेजारच्या मास्तरीणबाईंनी ते मला म्हटलं.

मला आठवेना. मग आठवलं. मिस्त्री जेवणाचं विचारायला आले होते, टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले होते. तव्यावर भाकरी होती आणि त्यांच्या सावलीत मला ती दिसत नव्हती. मी म्हणाले होते, “आत या, आपलंच घर समजा, पण दारातून बाजूला व्हा.” वहीत त्यांनी पहिला भाग तेवढा घेतला होता. दुसरा सोडून दिला, तो खरा महत्त्वाचा होता, आणि हे मी आजही सांगेन.

मिस्त्री भिंतीपासून सुटले. खुर्चीवरच्या उरलेल्या वह्या उचलून खाटेवर ठेवल्या. खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. मग मुलीसमोर शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले.

“मेक युवरसेल्फ अ‍ॅट होम,” ते म्हणाले.

लुर्दीननं त्यांच्याकडे बघितलं, हातातली पेटी खाली ठेवली, आणि बसली.

मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढून त्या पानावर बारीकशी खूण केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बाई, आज ताटं लवकर वाढता काय? दोन.”

अजून ऊन होतं. मी भाकऱ्या टाकायला घरी आले.