समुद्राचा सर्वमान्य रंग

समुद्राला स्वतःचा रंग नसतो. तो समितीनं द्यावा लागतो. पाण्याचा रंग आकाशातून बघितला की त्यात शिंपले विषारी करणारं शेवाळ माजलंय का ते कळतं, म्हणून पाच देशांनी उपग्रह बांधले. आणि पाच तोंडांचं एकमत व्हावं म्हणून दरवर्षी बैठक भरते. यंदा ती ऐन खाडीकाठच्या हॉटेलात होती. (भिंतीवरचे नकाशे नीट दिसावेत म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते.)

समितीच्या चिटणीस शास्त्रज्ञ बाई मात्र घायकुतीला आल्या होत्या. त्याच खाडीत त्यांच्या धाकट्या भावाची शिंपल्यांची शेती, आणि सकाळीच त्याचा फोन आलेला. "ताई, पाणी लालभडक झालंय गं! माल काढू की नको?"

"थांब जरा. आम्ही तेच ठरवतोय."

ठरवणं म्हणजे काय खायचं काम आहे? एका उपग्रहाला खाडी लाल दिसत होती, दुसऱ्याला हिरवी, तिसऱ्याला तपकिरी. चौथ्याला नुसते ढग दिसले. पाचवा अजून उडायचाच होता. पण यजमानपद त्याच्या देशाकडे, म्हणून त्याचं मत आगाऊच निळं धरलं. आता चूक कुणाची म्हणायची? सहकार्यात असं बोलत नाहीत.

बाई चाचरत म्हणाल्या, "खाली जाऊन बादलीभर पाणी आणूया का?"

"आणूया की," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "पण बादली कोणत्या देशाची?"

बादलीसाठी उपसमिती नेमली. खाडीला मात्र कुणाचंच मन न दुखवणारा रंग मिळाला: निळा. टाळ्या पडल्या. बाईंनी सही केली. (पुढच्या वर्षीही चिटणीस त्याच राहणार, हे त्याआधीच ठरलं होतं.)

फोन पुन्हा वाजला. "ताई, व्यापारी दारात उभाय. काय ठरलं?"

बाई कोपऱ्यात सरकल्या. "घरात एकही शिंपला शिजवायचा नाही. पोरांना पाण्याकडे फिरकू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

"आणि माल?"

बाईंनी ठरावाचा कागद उघडून बघितला. मग म्हणाल्या, "ठरावात समुद्र निळा आहे."

भाऊ बहिणीसारखाच शहाणा. त्यानं माल विकला.

आता तुम्ही बाईंना नावं ठेवाल. खुशाल ठेवा. पण परवा बाजारात शिंपले घेताना तुम्ही पाण्याचा रंग विचारला होतात का? भाव तेवढा पाडलात, आणि वर मूठभर फुकट घालून घेतलेत.