थोरल्या मादामचा डावा डोळा

मोसमातला पहिला गठ्ठा फोडण्यापूर्वी उंबऱ्याशी जिनचं एक टोपण सांडायचं आणि घरातल्या मेलेल्यांना नावानिशी हाक मारायची, हे मादाम कोकोए अजावॉन यांनी तेहेतीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. यंदा चुकवलं, त्याला कारण संगमरवर. लोमेच्या मोठ्या बाजारात संगमरवरी फरशीचं कापड दुकान तेवढं एकच होतं, आणि दारूचा डाग या दगडावरून निघत नाही, असं फरशी बसवणाऱ्या इटालियन माणसानं बजावलं होतं.

"मग थोरल्या मादामना काय सांगू?" अफिआवीनं विचारलं. अफिआवी ही कोकोएची चुलत बहीण. दुकानात तीस वर्षं काढल्यामुळे मालकिणीला उलट विचारायचा हक्क तिनं मिळवला होता.

"सांग, पुढच्या वर्षी बघू."

"त्यांना 'बघू' म्हटलेलं चालायचं नाही. जिवंतपणीसुद्धा चालत नव्हतं."

थोरल्या मादाम म्हणजे कोकोएची सासू. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार कापड विकत त्यांनी हा धंदा उभा केला आणि अकरा वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा लहान होता, आणि समोरच्याचा खोटेपणा त्यांना नेमका त्याच डोळ्यानं दिसे. त्यांची तसबीर गल्ल्याच्या वर होती. गेल्या वर्षी बरोबर त्या जागी वातानुकूलन यंत्र बसलं आणि तसबीर गोदामात गेली. धूळ बसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून.

गठ्ठा फोडला. हॉलंडच्या कारखान्यातून आलेली ही नवी नक्षी अख्ख्या टोगोत फक्त कोकोएकडे होती. चाळीस गठ्ठे. ईस्टरपर्यंत ते संपले तर पुढच्या वर्षीची नवी नक्षीही तिचीच. नाही संपले तर समोरच्या ओळीतल्या मादाम व्हिक्टोरीनची. व्हिक्टोरीनकडे दोन मर्सिडीज होत्या. कोकोएकडे तीन होत्या, पण त्यातली एक कायम दुरुस्तीला असे. म्हणजे मोठेपणाचा काटा फार नाजूक जागी थांबलेला होता.

नमुन्याच्या पुस्तकात मोरपिसं होती. कोकोएला लिहिता-वाचता येत नसे. कारखान्याशी पत्रव्यवहार तिचा नवरा थिओफील करी, तो निवृत्त शाळामास्तर. पिसातला डोळा जरा ठसठशीत करा असं कळवायला तिनं त्याला सांगितलं होतं. आता गठ्ठ्यातून जे निघालं त्यात पिसं नावाला होती. गर्द निळ्या कापडावर तळहाताएवढे डोळे होते, पापण्यांसकट, आणि सगळे समोर बघत होते.

"ठसठशीत झालेत," अफिआवी म्हणाली.

या बाजारात कापडाचं नाव मालकीण ठेवत नाही. ते बायकांच्या तोंडून आपोआप येतं, आणि एकदा आलं की देवसुद्धा ते बदलू शकत नाही. नाव चांगलं पडलं तर नक्षी वीस वर्षं चालते, वाईट पडलं तर महिन्यात मरते. कोकोएनं चार किरकोळ विक्रेतींना एकेक तुकडा फुकट देऊन 'शेजारणीच्या पोटात दुखलं' हे नाव हळूच बाजारात सोडून दिलं. पहिल्या आठवड्यात नऊ गठ्ठे गेले.

दुसऱ्या सोमवारी धूर दिलेली मासळी विकणारी आब्ला दुकानात आली. उत्तरेचा धुळीचा वारा सुटला होता, बाहेर सूर्य पांढरा पडला होता, आणि आब्लाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं सहा वारांचा तुकडा फरशीवर पसरला.

"ताई, घेतलं तेव्हा सगळे उघडे होते. शनिवारी धुतलं. आता हे तीन मिटलेत."

कोकोए वाकली. कमरेशी येणाऱ्या पट्ट्यात तीन डोळे खरंच मिटलेले होते. रंग गेलेला नव्हता, फुटलेला नव्हता. पापणी खाली आली होती आणि शांतपणे टेकली होती.

"छपाईतच असतील तसे. तू नीट बघितलं नसशील."

"मी नसेल बघितलं," आब्ला म्हणाली. "यांनी मला बघितलंय. शुक्रवारी मी नवऱ्याला शिळी मासळी वाढली."

तुकडा बदलून दिला. बुधवारपर्यंत सोळा बायका आल्या. कुणाचा एक डोळा मिटला होता, कुणाचे सात, आणि प्रत्येकीला त्यामागचं कारण तोंडपाठ होतं. एकीनं नवरा घरात असताना दिराला तो घरी नाही म्हणून सांगितलं होतं. एकीनं सासूच्या श्राद्धाला डोकेदुखीचं निमित्त काढलं होतं. गुरुवारी कापडाला खरं नाव पडलं, ते 'सासू बघतेय'. समोरच्या ओळीत मादाम व्हिक्टोरीननं ते तीनदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं, तोंडात नीट बसतंय का ते बघायला.

कोकोएनं हॉलंडला तार केली. उत्तर आलं: रंग पक्का आहे, डोळे मिटण्याची सोय आम्ही केलेली नाही.

घरी जेवताना तिनं एक तुकडा थिओफीलपुढे धरला. त्यानं मक्याच्या उकडीचा घास खाली ठेवला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"डावा आहे," तो म्हणाला.

"काय डावा?"

"सगळेच. आईचा डावा."

कोकोएनं तुकडा घडी करून कपाटात टाकला आणि किल्ली फिरवली. जेवण तिला गेलं नाही. त्याचं मात्र व्यवस्थित झालं.

सकाळी ती अफिआवीला म्हणाली, "ठीक आहे. जिन आण. बाहेर रस्त्यावर ओतू."

"रस्त्यावर? त्या काय भीक मागायला आल्यात?"

मग प्लॅस्टिकचं घमेलं आणलं. ते उंबऱ्याशी ठेवून, फरशीला थेंब लागणार नाही अशा बेतानं कोकोएनं टोपणभर जिन ओतली, नावं घेतली, झाल्या उशिराबद्दल संगमरवराला दोष दिला. बारा वाजले. या वेळी सगळा बाजार अडीच तास मिटतो. दुकानाला बाहेरून दोन कुलपं लावून दोघी घरी गेल्या.

अडीचला दार उघडलं तर घमेलं कोरडं होतं. ओल नाही, वास नाही. आणि ते होतं गल्ल्यापाशी, पालथं.

"या वाऱ्यात सगळंच सुकतं," कोकोए म्हणाली.

"सुकतं. चालत नाही."

कोकोए तरातरा गोदामात गेली आणि तिनं नवा गठ्ठा फोडला. पाण्याचा थेंब न लागलेला, कारखान्याच्या शिक्क्याचा. वरचाच तुकडा उलगडला. ओळीनं सगळे डोळे उघडे होते, शेवटचा सोडून. तो तिच्यादेखत मिटला असं ती पुढे कधीच म्हणाली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, की मघाशी मोजले तेव्हा उघडा एक जास्त होता. मागे भिंतीशी तसबीर होती. तिचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं.

"अफिआवी, ही तू फिरवलीस?"

"मी तिला हात लावीन होय? मला अजून जगायचंय."

एकतीस गठ्ठे शिल्लक होते आणि ईस्टर पाच आठवड्यांवर. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दुकानाच्या ऐन दारात, गिऱ्हाइकाचं पहिलं पाऊल पडतं तिथली एक फरशी त्यानं काढली. खाली जुनी लाल माती निघाली, थोरल्या मादामच्या काळातली. कोकोए गुडघ्यांवर बसली. टोपण बाजूला ठेवून तिनं बाटलीच तिरकी केली. मातीनं घोट घेतल्यासारखा आवाज झाला. मग तसबीर बाहेर आली, पुसली गेली, आणि वातानुकूलन यंत्र उतरवून तिथंच टांगली गेली. दुकानात उकडायला लागलं.

सोमवारी आनेहो गावाहून एक म्हातारी आली. हातात काठी, तोंडात दोन दात. दारातला मातीचा चौकोन तिनं पाहिला, मान डोलावली आणि कडेनं आत आली.

"ते बघणारं कापड इथंच मिळतं ना, पोरी?"

कोकोएचा चेहरा पडला. "आजी, परत करायचंय का?"

"परत कशाला? सहा दे. सहा सुना आहेत मला."

दुपारपर्यंत दारात रांग होती. रांगेत पन्नाशीच्या आतली एकही बाई नव्हती. पुढच्या आठवड्यात थेट सीमेपलीकडून, कोटोनूहून आणि अक्राहून सासवा यायला लागल्या, आपसात वाद घालत, जागा धरत. सासूनं दिलेलं कापड सुनेला नाही म्हणता येत नाही, बारशाला आणि अंत्यविधीला नेसावंच लागतं. नेसलं की धुवावं लागतं, आणि धुऊन वाळत घातलं की सासू अंगणात खुर्ची टाकून मोजायला बसते. ईस्टरला आठ दिवस असताना चाळिसावा गठ्ठा संपला. शेवटचे दोन तुकडे मादाम व्हिक्टोरीननं मोलकरणीकरवी नेले. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

त्या रविवारी दुपारी कोकोए ओसरीवर बसली होती. थिओफील शेजारी कागद-पेन घेऊन बसला, पुढच्या वर्षीच्या नक्षीचं पत्र लिहायला. लिहायच्या आधी त्यानं चष्मा पुसला.

"कोकोए, तुला एक सांगायचं होतं. त्या पत्रासोबत मी डोळ्याचं एक चित्र पाठवलं होतं. आईचं. तू तसबीर काढलीस, ते मला लागलं होतं."

कोकोएनं त्याच्याकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांत या माणसानं तिच्याशी केलेली ही पहिली लबाडी होती, आणि त्याच लबाडीनं चाळीस गठ्ठे खपवले होते.

"आणि मिटायचं? तेही तुम्हीच कळवलंत?"

"नाही," थिओफील म्हणाला. "ते मी नव्हतं कळवलं. घमेल्याचंही मला अफिआवीकडून कळलं."

आत कपाटात कुलूपबंद तुकडा होता. तो तिनं त्या रात्रीनंतर उलगडला नव्हता, उलगडणारही नव्हती.

"लिहा," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या वर्षी फुलं हवीत. साधी. ज्यांना काही दिसत नाही अशी."

थिओफीलनं लिहायला सुरुवात केली. पान भरलं, ते त्यानं उलटलं आणि पुढे लिहू लागला. कोकोए त्याच्या हाताकडे बघत होती. तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

"एवढं काय लिहिताय?"

"फुलंच," थिओफील म्हणाला, आणि मान वर न करता त्यानं डावा डोळा किंचित बारीक केला.